जाहिरातीशी कसली निष्ठा?

जुन्या रोबो-खेळण्यांची नवी आवृत्ती बाजारात आली की संग्राहकांत एकच कज्जा पेटतो: मूळ रचनेशी ती इमान राखून आहे की नाही. कज्जा पेटावा, त्याला माझी हरकत नाही. ज्याचा जीव खेळण्यात आहे तो खेळण्याच्या रचनेवरून भांडणारच. हरकत आहे ती 'मूळ' म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं त्याला. बहुतेकांचं बोट खेळण्याकडे नसतंच. ते टीव्हीवरच्या एका कार्टूनकडे असतं, आणि ते कार्टून त्याच खेळण्यांची जाहिरात म्हणून काढलेलं होतं. माल बाजूला ठेवून जाहिरातीची पूजा करणारी ही मंडळी स्वतःला शुद्धतेची राखणदार म्हणवतात, आणि त्यांच्या हट्टापायी चांगल्या खेळण्यांची नासाडी होत आली आहे. हे लिहून काढतो आहे, कारण भिलाईच्या सुपेल्यातल्या आमच्या संग्राहकांच्या बैठकीत हा विषय निघाला की आवाज चढतात आणि मुद्दा तसाच राहतो.

बैठकीला भिलाई-दुर्गचे काहीजण असतात, रायपूरचे असतात, अधूनमधून नागपूरहूनही कुणी येतं. मराठी, हिंदी, छत्तीसगढी असं सगळं मिसळून बोलणं चालतं. मध्यंतरी एकाने ट्रान्सफॉर्मर्समधला नवाकोरा महागडा ऑप्टिमस प्राइम आणला. टेबलावर उभा केला, शेजारी फोनवर १९८४ च्या कार्टूनमधलं चित्र उघडलं आणि मांडीची लांबी, छातीच्या काचांचा उतार, डोक्याचा आकार असं एकेक जुळवून दाखवायला लागला. सगळं जुळत होतं. मी म्हटलं, "भाऊ, आता ट्रक करून दाखवा." तो म्हणाला, "नको भाऊ, पेंट उडतो. आणि खूप स्टेप्स आहेत, पुस्तिका आणली नाही." म्हणजे ज्या वस्तूचं सगळं मोल रोबोचा ट्रक आणि ट्रकचा रोबो होण्यात आहे, ती वस्तू तिचा मालक ट्रक करायला धजत नाही. आणि त्या टेबलाभोवतीच्या एकाही माणसाला यात काही बिघडलंय असं वाटलं नाही.

आता मूळ काय होतं ते पाहू. जपानच्या टाकारा कंपनीने १९८० मध्ये डायक्लोन नावाची मालिका काढली. तिच्यात जेमतेम इंचभर उंचीचे चालक होते, पायांत चुंबक बसवलेले, म्हणजे धातूच्या भागावर ते उभे राहात. १९८२ पासून या मालिकेत रस्त्यावरच्या खऱ्या मोटारींवरून केलेले रोबो आले, साधारण १:६० या प्रमाणात. दार उघडलं की आत बसायची जागा, कारण तिथे तो इंचभराचा चालक बसवायचा होता. १९८३ मध्ये त्याच कंपनीने मायक्रोमॅन या दुसऱ्या मालिकेतून 'मायक्रो चेंज' ही शाखा काढली. तिची कल्पना अगदी वेगळी होती. घरात पडलेली वस्तू तिच्या खऱ्या आकारातच रोबो होते: कॅसेट रेकॉर्डर, वॉल्थर पी३८ पिस्तूल, मुलाच्या हातातली छोटी खेळण्यातली मोटार. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने या दोन्ही मालिकांतली खेळणी उचलली, एका नावाखाली आणली आणि १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स म्हणून विकायला काढली. गोष्ट रचायचं काम मार्व्हल कॉमिक्सकडे दिलं. जिम शूटरने कथेचा सांगाडा केला, डेनी ओ'नीलने ऑप्टिमस प्राइम हे नाव दिलं, बाकीची बहुतेक नावं आणि स्वभाव बॉब बुडियान्स्कीने लिहिले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कार्टून आलं. रेगन यांच्या कारकिर्दीत मुलांच्या टीव्हीवरचे नियम अमेरिकेने सैल केले होते. खेळणं विकण्यासाठी अख्खी मालिका काढायला त्यामुळे मोकळं रान मिळालं होतं.

क्रम नीट लक्षात घ्या. आधी खेळणं. ते जपानी रचनाकारांनी बिजागरीला बिजागरी जुळवून, हातात घेऊन, मोडून-जोडून केलेलं. मग त्या खेळण्याचं चित्र. आणि ते चित्रही हातांनी हजारो वेळा काढायचं असल्याने त्यातल्या रेषा कमी केलेल्या. फ्लोरो डेरी या फिलिपिनो चित्रकाराने खेळण्यांची ही सोपी, गोलसर, माणसासारखी रूपं बेतली. डेरी गुणी चित्रकार, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्याचं काम काय होतं? जो रोबो पडद्यावर सेकंदा-सेकंदाला हलवायचा आहे त्याच्या अंगावरचे स्क्रू, चाकं, सांधे, स्टिकर गाळून टाकणं. चित्राला बिजागरी लागत नाही. चित्रातल्या ट्रकचा रोबो होताना अर्धे भाग हवेत विरतात आणि कुणाला हिशेब द्यावा लागत नाही. आज संग्राहक या गाळलेल्या चित्राला 'मूळ रचना' म्हणतात आणि कारखान्याकडे मागणी करतात की प्लास्टिकचे भागही तसेच हवेत विरले पाहिजेत.

आयर्नहाइडचं उदाहरण घ्या, कारण त्यात हा सगळा खोटेपणा उघडा पडतो. मूळ खेळणं म्हणजे निस्सान चेरी व्हॅनेट ही व्हॅन. तिचा रोबो केला की त्याला डोकंच नव्हतं. चालकाच्या आसनावर चेहऱ्याचं स्टिकर होतं, बस. का? कारण डायक्लोनच्या जगात ते चालकाने चालवायचं यंत्र होतं, त्याला स्वतःच्या चेहऱ्याची गरज नव्हती. अमेरिकेत चालक पेटीतून गेला, यंत्र सजीव झालं आणि कार्टूनने त्याच्या धडावर डोकं बसवलं. गोष्टीसाठी ते ठीक. पण आता कुणी म्हणालं की डोकं नसलेला आयर्नहाइड 'चुकीचा' आणि डोक्याचा 'अचूक', तर त्याने अचूक हा शब्द वापरणं थांबवावं. दुकानातून १९८४ मध्ये मुलांनी घरी नेला तो बिनडोक्याचाच होता.

जेटफायरचं तर याहून विचित्र. तो मुळात टाकाराचाही नव्हता. १९८२ च्या मॅक्रॉस मालिकेतलं व्हीएफ-१ वाल्कीरी विमान, टाकातोकू कंपनीच्या साच्यातून आलेलं. हक्कांची अडचण होती, म्हणून कार्टूनमध्ये त्याचं नाव स्कायफायर केलं आणि रूपही पार बदललं. म्हणजे ज्या रूपाला आज 'कार्टूनशी इमानी' म्हणून ओवाळलं जातं ते जन्मलं कायद्याची कटकट टाळायला. शोजी कावामोरीने आखलेली मूळ वाल्कीरी हे विमान-रोबो जातीतल्या सर्वांत सुंदर रचनांपैकी एक. तिला सोडून त्या ठोकळ्याशी निष्ठा ठेवायची? मला हे कुणी समजावून द्यावं.

आकाराच्या प्रमाणाचं भांडण तर आणखी पोकळ. आमच्यातले काहीजण तक्ते घेऊन बसतात: ऑप्टिमसच्या शेजारी बंबलबी किती उंच हवा, साउंडवेव्ह कुठपर्यंत यायला हवा. कार्टूनमध्ये तोच साउंडवेव्ह कधी इमारतीएवढा असतो, कधी टेबलावरच्या कॅसेट प्लेयरएवढा होतो. मेगाट्रॉन पिस्तूल झाला की दुसऱ्या रोबोच्या मुठीत मावतो. याचं कारण वर सांगितलंच आहे. एका मालिकेत मोटारी १:६० आणि दुसरीत वस्तू खऱ्या मापाच्या. दोन्ही एका गोष्टीत कोंबल्यावर प्रमाण बसणारच कसं? ती कथालेखकांनी कशीबशी निभावलेली नड होती. तिच्यावरून आता कारखान्यांना माप दिलं जातं आणि माप चुकलं म्हणून शिव्या दिल्या जातात. आडातच नाही ते पोहऱ्यात मागताहेत.

मी हे ठामपणे म्हणतो त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते इथल्या मातीतलं आहे. लहानपणी मला हे रोबो कार्टूनमधून भेटले नाहीत. ते भेटले बाजारात, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, वर पुठ्ठा स्टेपल केलेला. नकली माल. कुठल्या देशाचा, कुणी केला, काही लिहिलेलं नसे. रंग वाटेल ते: निळ्या ट्रकला पिवळे पाय, पोलिसांच्या गाडीला केशरी दारं. नाव विचारलं तर दुकानदार म्हणे, "रोबोट है बेटा, गाडी बनता है." त्यात ऑप्टिमसचा स्वभाव नव्हता, त्याची भाषणं नव्हती, कुठली बाजू चांगली आणि कुठली वाईट हेही नव्हतं. तरीही ते पूर्ण होतं. गाडीचा बॉनेट खाली आला की छाती झाली, दारं मागे गेली की पंख झाले, पाठीचा भाग ताणला की पाय झाले. हे कुणी शिकवावं लागलं नाही. बोटांनी वाट शोधली. मूळ रचना इतकी पक्की होती की साचा चोरून, प्लास्टिक हलकं वापरून, रंग बिघडवून, नाव पुसूनही ती मेली नाही. मूळ रचना कशाला म्हणावं याचा याहून चोख पुरावा मला माहीत नाही. जे नाव गेल्यावर, रंग गेल्यावर, गोष्ट गेल्यावरही शिल्लक राहिलं, ते मूळ.

त्यातल्या एका गाडीची बिजागरी तुटली तेव्हा वडिलांनी सायकलच्या स्पोकचा तुकडा कापून पिन घातली आणि ती पुन्हा फिरायला लागली. वडील पोलाद कारखान्यात होते. त्यांनी खेळणं उलटंसुलटं केलं, कुठला भाग कुठे जातो पाहिलं आणि कुठे जोर येतो ते ओळखलं. ते शक्य झालं कारण रचना उघडी होती. आपण गाडी होतो आणि रोबो होतो हे ती लपवत नव्हती. चाकं पोटऱ्यांवर दिसत, दारं खांद्यामागे दिसत. सोव्हिएत आराखड्यांवर उभ्या राहिलेल्या, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटवलेल्या या भिलाई गावात आराखडा म्हणजे काय हे पुष्कळ घरांना माहीत आहे. आराखडा आधी काढतात, त्यावरून वस्तू होते, आणि वस्तू चालली नाही तर आराखडा दुरुस्त करतात. कार्टूनचं चित्र यातलं काहीच नव्हतं. ते वस्तूनंतर आलं आणि वस्तू चालण्याची जबाबदारी त्याच्यावर कधीच नव्हती.

चाकं दिसली की कार्टूनवाल्यांना लाज वाटते, म्हणून काही नव्या आवृत्त्यांत चाकं पायांच्या पोटात गिळली जातात. गाडीच्या छताचा भाग छातीसारखा नीट दिसत नाही, म्हणून छाती वेगळीच बनवतात, घडी करून आत दडवलेली, आणि खरा गाडीचा भाग पाठीवर मुडपून ठेवतात. संग्राहक याला खोटी छाती म्हणतात आणि खोटी म्हणता म्हणता विकतही घेतात. मग त्या रोबोच्या छातीवर दिसणारी काच ही गाडीची काच नसते. तो गाडीपासून झालेला नसतो, गाडी पाठीवर वाहून नेणारा पुतळा असतो. पोळ्याला आमच्याकडे बाजारात मातीचे बैल येतात, पायांखाली चाकं लावलेले, पोरांनी दोरीने ओढायचे. बैलाला चाकं नसतात म्हणून कुणी ती काढून खूर अचूक केले, तर पोराच्या हातात उरेल काय?

कार्टूनच्या अचूकतेची किंमत कशी मोजावी लागते ते टाकाराच्या, म्हणजे आताच्या टाकारा-टॉमीच्या, मास्टरपीस मालिकेत पाहता येतं. ही मालिका मी नाकारत नाही. २००३ चा पहिला मास्टरपीस कॉन्व्हॉय, एमपी-०१ (कॉन्व्हॉय हे ऑप्टिमसचं जपानी नाव), धातूने जड, हातात घेतला की वजन जाणवतं आणि ट्रक म्हणूनही ताठ उभा. २०११ चा एमपी-१० आकाराने लहान, हालचालीला मोकळा आणि रूपांतरात शहाणा. माझ्या मते या मालिकेने गाठलेला तो सर्वांत चांगला तोल. त्यानंतर हट्ट वाढत गेला. २०१९ चा एमपी-४४ रोबो म्हणून पडद्यावरून उतरल्यासारखा, पण त्यासाठी भाग वाढले, पायऱ्या वाढल्या, किंमत वाढली. त्याच वर्षीच्या बंबलबीच्या दुसऱ्या आवृत्तीत, एमपी-४५ मध्ये, तर हद्द झाली. रोबो गोंडस, हुबेहूब कार्टून. मोटार केली की फोक्सवॅगन बीटलच्या त्या गुळगुळीत गोल अंगावर तुकड्यांच्या रेघाच रेघा. बीटल ही जगातल्या सर्वांत ओळखीच्या मोटारींपैकी एक, आणि तिचीच ओळख बिघडवून टाकली, कशासाठी, तर एका चित्रातले गाल जुळावेत म्हणून. २०१४ ची पहिली आवृत्ती, एमपी-२१, यापेक्षा साधी आणि यापेक्षा कितीतरी चांगली मोटार होती.

उलट दिशेची एक गोष्टही सांगायला हवी, कारण तिच्यात संग्राहकांनी कंपनीला कसं वाकवलं हे दिसतं. २००६ मध्ये मास्टरपीस स्टारस्क्रीम आला, एमपी-०३. त्याची आखणी खुद्द शोजी कावामोरीची. एफ-१५ विमान हे खरंखुरं लढाऊ विमान म्हणून घेतलं होतं आणि रंगही लष्करी विमानाला शोभेल असा हिरवट राखाडी. त्यात दोष होते. कमरेच्या दोन्ही बाजूंना विमानाचे भाग लोंबत, ते मलाही खटकत. पण तिथे एका रचनाकाराचा विचार होता: हे विमान उडू शकतं असं वाटलं पाहिजे. ओरड झाली रंगावर. कार्टूनमधला लाल-निळा नाही म्हणून. २०१२ मध्ये एमपी-११ आला, फेरफार केलेला, कार्टूनच्या रंगात, आणि सगळे शांत झाले. रंगाच्या डब्याने शांत होणारी ही निष्ठा. कावामोरीने काय विचार केला होता, यावर त्या ओरडण्यात एक शब्द नव्हता.

रंगावरून एवढं अकांडतांडव करणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावं. फनस्कूल ही एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये उभी केलेली कंपनी, तिचा कारखाना गोव्यात. तिथे जी. आय. जो या सैनिकांच्या बाहुल्या हॅस्ब्रोच्याच साच्यांतून निघत. ते रोबो नव्हते, पण मुद्दा तोच. गोव्यातल्या रंगकामात ते सैनिक अमेरिकेत कधी नव्हते अशा रंगांत आले. एकाच्या गणवेशावर दुसऱ्याची छटा, मधूनच भडक पिवळा, मधूनच वेगळाच हिरवा. अमेरिकेतल्या दुकानाच्या हिशेबाने हे सगळं चूक. आज परदेशातले पट्टीचे संग्राहक या भारतीय सैनिकांचा खास शोध घेतात. म्हणजे अचूकतेवरून नाक मुरडणारा जगभरचा संग्राहकच, साचा खरा असेल तर चुकीच्या रंगावर जीव टाकतो. त्याच्या हाताला कळतं, त्याच्या तोंडाला कळत नाही.

आता कार्टूनवाल्यांचा एक मुद्दा मी मान्य करतो, कारण तो खरा आहे. १९८६ च्या सिनेमातली पात्रं. त्या सिनेमात ऑप्टिमसला मारलं गेलं, कारण जुना माल काढून नव्या मालाला जागा करायची होती, आणि नव्या पात्रांपैकी बऱ्याच जणांची चित्रं आधी झाली, खेळणी मागून. तिथे चित्र हेच आईबाप. आर्सीचं तर त्या काळी खेळणंच निघालं नाही. तिच्या मूळ रूपाचं बदलतं खेळणं दुकानात यायला २०१४ उजाडलं. आर्सी करणाऱ्याने चित्राकडेच पाहायचं, दुसरीकडे पाहायला काही नाही. पण तिची आजवरची खेळणी नीट बघा. अख्खी मोटार पाठीवर गाठोड्यासारखी. ज्या चित्राने बिजागरीचा विचार केला नाही त्याच्याशी शंभर टक्के इमान राखलं की हेच होणार. आर्सीवरून शिकायचा धडा असा आहे की चित्र आधी असलं तरी रचनाकाराने चित्राला नमवलं पाहिजे, आणि आपले लोक आर्सीचा दाखला देऊन नेमकं उलटं मागतात, की ऑप्टिमसचंही आर्सी करा.

मुलांच्या सुरक्षेच्या नियमांवरून होणारा आक्रोश मी कधीच मनावर घेतला नाही. पहिल्या मास्टरपीसच्या अमेरिकी आवृत्तीत ट्रकच्या धुराड्यांची उंची सुरक्षेच्या कारणाने कमी केली होती. त्यावर वर्षानुवर्षं रडगाणं चाललं. मेगाट्रॉन पिस्तुलाऐवजी रणगाडा होतो त्यावरही. खऱ्यासारखी दिसणारी बंदूक मुलाच्या हातात देऊ नये हा नियम शहाणपणाचा आहे आणि धुराडं डोळ्यात जाऊ नये ही काळजीही. रूपांतर त्याने मरत नाही. जे मारतं त्यावर बोला.

मारतं ते कपाट. काचेचं, दिवे लावलेलं कपाट. नव्या आवृत्त्यांचे गिऱ्हाईक माझ्याच वयाचे किंवा थोडे मागेपुढे. खेळणं पेटीतून काढतात, एकदा रोबो करून उभं करतात आणि परत हात लावत नाहीत. कंपन्यांना हे ठाऊक आहे. म्हणून रोबो सुंदर असला की झालं, गाडी कशीही चालते, आणि सांधा दहाव्यांदा सैल झाला तरी चालतो, कारण दहाव्यांदा कोण फिरवणार आहे? भारतात तर हात लावायची भीती दुप्पट. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. जपानहून येणाऱ्या एका रोबोत इथल्या मध्यमवर्गीय घराचा महिन्याचा किराणा जातो. मग बापाने पोराला म्हणायचं, "हात नको लावू, ते बघायचं आहे." नाकापेक्षा मोती जड झालाय तो असा. आणि याला बाप जबाबदार आहे तेवढीच ती मागणीही जबाबदार आहे जिने पातळ पत्र्यासारख्या पापुद्र्यांच्या, नखाने उचकटायच्या, चुकीच्या क्रमाने वळवलं तर मोडणाऱ्या रचना मागून घेतल्या.

नागपूरहून येणारे आमचे एक ज्येष्ठ संग्राहक मला सांगतात, "अरे, आपण आता मोठे झालो, आपल्याला खेळायचं थोडंच आहे, आठवण जपायची आहे." त्यांचा मान राखून मी एवढंच विचारतो, आठवण कसली? टीव्हीसमोर बसून पाहिल्याची असेल तर त्यांनी खुशाल मूर्ती घ्यावी. न बदलणारी, बिजागऱ्या नसलेली, चित्राशी केसाचाही फरक नसलेली मूर्ती चांगले कारागीर करतात. तिचा हट्ट बदलत्या खेळण्यावर लादू नये. हातात घेऊन फिरवल्याची आठवण असेल, तर ती फिरवण्यातच जपली जाते.

दुरुस्ती कुठे हवी हेही बोललं पाहिजे, नाहीतर मी जुन्याचा आंधळा भक्त ठरेन. १९८४ चा ऑप्टिमस परिपूर्ण नव्हता. मुठी सुट्या, हरवायला सोप्या. पाय एकमेकांना जखडलेले, एक पुढे टाकता येत नसे. स्टारस्क्रीम आणि त्याच्या जातीच्या विमानांना तर मुठी, पंख, शेपट्या सगळं वेगळं लावायचं, त्यातलं निम्मं घरातल्या केरात जाई. नव्या आवृत्तीचं काम इथे आहे. सांधे द्या, मुठी आत वळवा, गुडघे द्या, पण छाती गाडीच्या काचेचीच ठेवा. पाय ट्रकच्या मागच्या भागाचेच ठेवा, चाकं दिसू द्या.

टाकारा-टॉमीने २०२४ मध्ये, ट्रान्सफॉर्मर्सच्या चाळिसाव्या वर्षी, मिसिंग लिंक या नावाने जुना कॉन्व्हॉय पुन्हा काढला तो अगदी याच वाटेने. १९८४ चं रूप, तीच धातूची घडण, तोच रूपांतराचा मार्ग, आणि आत नवे सांधे. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा वाटलं होतं की नुसतं जुनं खेळणं परत विकताहेत. हातात घेतल्यावर कळलं की कुणीतरी जुन्या खेळण्यासमोर बसून त्याला विचारलंय, तुला काय हवं होतं जे तेव्हा देता आलं नाही. आमच्या बैठकीत त्यावरही शेरा आला, "चेहरा कार्टूनसारखा नाही." नसेलच. तो खेळण्याचा चेहरा आहे. त्या दिवशी मी तो टेबलावर ठेवला आणि एका सदस्याच्या आठ वर्षांच्या मुलीने, जिने ते कार्टून आयुष्यात पाहिलेलं नाही, पुस्तिका न उघडता त्याचा ट्रक केला आणि पुन्हा रोबो केला. मग पुन्हा ट्रक. तिच्या बापाने शेजारी आणून ठेवलेल्या कार्टूनसारख्या महागड्या रोबोकडे तिने हात नेला तेव्हा त्याने तिचा हात धरला.

यापुढे आमच्या बैठकीत माझी एकच अट राहील. नवीन खेळणं आणणाऱ्याने फोनवरचं चित्र खिशात ठेवावं आणि सगळ्यांसमोर ते दोन्ही रूपांत करून दाखवावं. जो करून दाखवणार नाही त्याच्या मांडीच्या लांबीवर मी चर्चा करणार नाही. कंपन्यांनाही मी माझं म्हणणं कळवलं आहे, त्यांच्या ग्राहक-पत्रात, माझ्या नावाने: आयर्नहाइड पुन्हा काढायचा असेल तर डोक्याशिवाय काढा, आसनावर स्टिकर लावा, आणि पेटीत तो इंचभराचा चालक द्या, जो १९८४ मध्ये तुम्ही आमच्यापासून काढून घेतला.